शालनताईंचे पाय

शालनताई गायकवाड गाडी शिकवायला बसल्या की आधी चप्पल काढायला लावायच्या.

माझी बदली खालापूरच्या शाळेत झाली तेव्हाची गोष्ट. आम्ही दहिवलीला राहत होतो. नवरा नोकरीसाठी पुण्याला, तो शनिवारी यायचा. त्याची जुनी गाडी इमारतीखाली कापड पांघरून पडलेली. सकाळच्या एसटीची वेळ शाळेशी जुळायची नाही आणि मिनीडोर रिक्षात चौघींच्या जागेत सहावी होऊन बसायचा मला कंटाळा आला होता. कुणीतरी सांगितलं, शालनताईंकडे जा, त्या फक्त बायकांना शिकवतात. गेले. अंगणात एक पांढरी, दारावर चेपलेली गाडी उभी होती आणि तिला टेकून एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई उभी होती. पन्नाशीची असेल. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पाय अनवाणी.

"या बाई, बसा. आन् चप्पल काढा."

"देवळात थोडंच जायचंय?" मी म्हणाले.

"देवळात देवासाठी काढायची, हितं पायासाठी. क्लच कुठं उचलतो ते पायाला कळलं पायजे. एकदा पायाला कळलं की मंग खुशाल बूट घाला, नायतर खडावा घाला."

चप्पल काढेपर्यंत मी 'बाई' होते आणि 'तुमी' होते. सीटवर बसून दार लावलं आणि 'तू' झाले. "हां, आता डावा पाय खाली दाब. पूर्ण दाब गं, हात आखडता घेतल्यासारखा पाय आखडू नको." मी जरा चमकून पाहिलं, तेव्हा त्यांनी खुलासा केला, "गाडीत मी कुणाला आवजाव करत नाय. 'ब्रेक दाबा हो बाई' म्हणेपर्यंत म्हैस मरंल."

पुढे कळलं की हा नियम त्यांनी तहसील कचेरीतल्या एका मोठ्या साहेबीणबाईंनाही लावला होता. गाडी चालू असेपर्यंत त्यांना 'अगं, आरसा बघ, आरसा' असं दरडावायचं आणि गाडीतून उतरल्यावर लवून 'येते मॅडम' म्हणायचं. दोन्हींत त्यांना काही विसंगत वाटत नसे.

त्यांचे यजमान बाळारामदादा साजगावच्या एका कारखान्याची पाळीची बस चालवायचे. सुटीच्या दिवशी कुणाचा तरी टेंपो घेऊन भाजी पोचवायचे. शालनताई शेजारी बसून जायच्या, आणि नुसतं बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मैदानात, शेताडीच्या रस्त्यावर, नवऱ्याला शेजारी बसवून त्या टेंपो शिकल्या. "यांनी एक दिवस पण ओरडलं नाय मला," त्या सांगायच्या. "मी टेंपो गवताच्या गंजीत घातला, तरी उतरून गवत काढत बसले. म्हणले, गेर बरोबर टाकला होतास." दादा बोलायचे फार कमी. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात ते जेवढं बोलले तेवढं एका टपालकार्डावर मावेल, असं शालनताईंचं मत होतं.

गाडीची शाळा फक्त बायकांसाठी का, असं मी एकदा विचारलं.

"बाप्यांना काय शिकवायचं? ते आईच्या पोटातनंच गेर टाकत येतात."

शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती. पहिले कित्येक दिवस त्या गाडी पळवायला शिकवतच नसत, थांबवायला शिकवत. थोडं जा, थांब. पुन्हा थोडं जा, थांब. मी वैतागले, तर म्हणाल्या, "गाडीचं काय, ती जातेच. जायालाच बनवलीय तिला. थांबता आलं की जायाची भीती वाटत नाय." त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक बसवलेला होता. त्यावर त्यांचा अनवाणी पाय असा सहज ठेवलेला असायचा, जसा एखादी सुईण पोटावर हात ठेवते. मी चुकायच्या आधी त्या पायाला कळायचं. गाडी अलगद मंदावायची आणि मला वाटायचं, मीच थांबवली.

खालापूरच्या टोलनाक्याजवळ मोठाले ट्रेलर वळायला लागले की माझे हात स्टिअरिंगला चिकटायचे. "घाबरू नको गं," त्या हाताची घडी घालून सांगायच्या. "त्यालापण घरीच जायचंय."

मला लायसन्स मिळालं, पण धीर आला नव्हता. म्हणून सुरुवातीचे काही दिवस त्या माझ्या गाडीत शेजारी बसून खालापूरपर्यंत यायच्या आणि एसटीने परत जायच्या. त्याचं त्यांनी काही घेतलं नाही. "तुमच्या गाडीत माझ्याकडं ब्रेक नाय, मंग मी मास्तरीण कसली? मी पाशिंजर," म्हणायच्या. अशाच एका सकाळी पळसदरीच्या पुढे चढणीवर असताना त्या समोर बघत म्हणाल्या, "उद्यापासनं मी नाय येणार. छातीत गाठ निघाली. तपासाय दिली होती. खराब हाय."

मी त्याच गेरमध्ये गाडी वर रेटत राहिले.

"गेर बदल," शालनताई म्हणाल्या. "इंजिन रडतंय."

पनवेलच्या पलीकडे एका रुग्णालयात ऑपरेशन झालं आणि मग केमोथेरपी सुरू झाली. जाताना गाडी शालनताई चालवायच्या, येताना बाळारामदादा. डॉक्टर, नातेवाईक, मी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. "जाताना मीच चालवणार," त्यांचं ठरलेलं. "मला कोण नेत नाय, मी माझ्या पायानं जातेय, असं वाटाय पायजे." डोक्यावरचे केस गेले तेव्हा त्यांनी एक हिरवा रुमाल बांधला आणि तसाच बांधून त्या एक्सप्रेसवेच्या पुलाखालून, ट्रकांच्या रांगेतून, शिस्तीत जायच्या.

उपचार निम्म्यावर आले असताना एकदा मी सोबत गेले होते. वाटेत चहाला थांबलो. शालनताई बोटं एकमेकांवर घासत होत्या, हाताला लागलेलं कणकीचं पीठ काढावं तशी. मग चपलेतून पाय काढून तो जमिनीवर घासू लागल्या.

"काय होतंय?"

"मुंग्या येतात जरा. जातील."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"सांगते की," त्या म्हणाल्या आणि चहाचा ग्लास दोन्ही हातांनी उचलला.

उपचार संपले. तपासण्या चांगल्या आल्या. केस परत आले, आणि गंमत म्हणजे कुरळे आले. विहारात महिला मंडळाने सत्कार ठेवला. आजाराला हरवून आलेली आमची शालन, अशी भाषणं झाली. शाल, गुच्छ, टाळ्या. शालनताईंना बोलायला सांगितलं तर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जयभीम. बरं वाटलं. चहा थंड होतोय." लोक हसले. त्या व्यासपीठाच्या दोन पायऱ्या उतरून आमच्याकडे आल्या आणि खुर्चीत बसल्या. तेवढ्यात एक बाई मागून त्यांची एक चप्पल घेऊन आली. ती पायरीवरच राहिली होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशा त्या अख्खं सभागृह चालून आल्या होत्या आणि त्यांना पत्ता नव्हता.

"बघा, मानपान डोक्यात गेला," कुणीतरी चेष्टा केली. शालनताईही हसल्या. मग बराच वेळ आपल्या उघड्या पावलाकडे अशा बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं तरी चुकून त्यांच्यापाशी आलं होतं.

महिन्याभरात त्यांनी शिकवणी पुन्हा सुरू केली. पहिली आली कविता. साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला असलेली, नुकतीच लग्न होऊन दहिवलीत आलेली, चुणचुणीत पोरगी. एका रविवारी मला बाजारात जायचं होतं म्हणून मी मागच्या सीटवर बसले. कविता चालवत होती. उताराला लागल्यावर डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक म्हातारी कडेच्या पायवाटेवरून एकदम रस्त्यावर आली. कविता गोंधळली. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायच्या ऐवजी दाबला. गाडी पुढे झेपावली.

"ब्रेक!" शालनताई ओरडल्या आणि त्यांनी स्वतःचा पाय सगळा जोर लावून दाबला. मला मागून दिसला तो. पोटरी ताठ झाली होती. पण गाडी मंदावली नाही. पाऊल पेडलच्या शेजारी होतं, पायपुसण्यावर. त्या प्राणपणाने गाडीचा पत्रा दाबत होत्या.

दुसऱ्याच क्षणी त्यांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक खेचला. गाडी तिरपी होऊन बंद पडली. म्हातारी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने मोळी सावरली, "डोळं फुटलं का गं तुमचं!" असं म्हणाली आणि रस्ता ओलांडून निघून गेली.

कविता हुंदके देऊन रडायला लागली. शालनताई खाली बघत होत्या.

"मी दाबला होता," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बाई, मी ब्रेक दाबला होता."

"पाय बाजूला पडला होता, ताई."

"नाय. मला पेडल लागलं होतं पायाला."

त्यांनी वाकून हाताने आपलं पाऊल उचललं, पेडलवर ठेवलं, मग उचलून बाजूला ठेवलं. पुन्हा पेडलवर. पुन्हा बाजूला. डोळे मिटून पुन्हा एकदा तसंच. मग डोळे उघडून त्यांनी कविताच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको. तुझी चूक नाय. शिकणाऱ्याला चुकायचा हक्क हाय. मला नाय." आणि मला म्हणाल्या, "बाई, तुमी पुढं या. गाडी घरी घ्या."

दुसऱ्या दिवशी बाळारामदादांनी स्टूल घेऊन दारावरची शिकवणीची पाटी उतरवली.

त्यानंतरचे काही महिने वाईट गेले. केमोच्या औषधाने नसांना इजा होते, हे आम्हाला तोवर कुणी नीट समजावलं नव्हतं, किंवा समजावलं असेल तेव्हा आमचे कान दुसरीकडे असतील. त्यांच्या पायांना जमीन कळत नव्हती. "वाळू भरलेल्या मोज्यातनं चालल्यासारखं वाटतं," त्या म्हणायच्या. आणि ज्या पायाला चटका बसला तरी समजायचं नाही, तोच पाय आपणहून मात्र निखाऱ्यावर ठेवल्यासारखा जळायचा. पांघरुणाचा स्पर्शही सोसायचा नाही. बोटांना बटण सापडायचं नाही, सुई धरता यायची नाही. तांदळाची उकड मळताना ती किती गरम आहे हे त्यांना फोड आल्यावर कळलं.

"या वयात ब्लाउजचे हुक लावायला नवरा लागतो," त्या मला म्हणाल्या, "आन् लोकं म्हणतात, बरी झालीस."

लोक खरंच तसं म्हणायचे. जीव वाचला ना, मग पायाचं काय घेऊन बसलीस? अमकीला बघ, तमकी तर गेलीच. चांगल्या मनानेच म्हणायचे. शालनताईंनी हळूहळू उत्तर देणं सोडलं, आणि मग घराबाहेर पडणंही. जी बाई ट्रेलरला वाट देत नव्हती, ती आता अंगणातली पायरी उतरताना भिंत धरायची. एका दुपारी मी गेले तर त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"लोकांना वाटतं मी कुरकुर करते," त्या म्हणाल्या. "ज्यांनी वाचवलं त्या डॉक्टरांच्या मी पाया पडंन. पण बाई, वाचलेला जीव ठेवू कुठं? या पायांवर?"

मी त्यांना परत रुग्णालयात घेऊन गेले. गाडी मी चालवली, त्या शेजारी, दादा मागे. अख्ख्या रस्त्यात शालनताईंनी मला एकही सूचना केली नाही. मी मुद्दाम एकदा चुकीच्या गेरमध्ये गाडी रेटली, तरी नाही. तेवढी भीती मला त्यांच्या आजारपणातही वाटली नव्हती.

तपासायला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कापसाचा बोळा, सुईचं टोक, कंप पावणारा चिमटा असं काय काय शालनताईंच्या पावलांना लावून पाहिलं. डोळे मिटायला सांगितले आणि अंगठा वर-खाली करून विचारलं, आता कुठे आहे? शालनताई दरवेळी खात्रीने सांगत होत्या आणि बऱ्याचदा चुकत होत्या.

"हे कधीपासून होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

शालनताई पायांकडे बघत म्हणाल्या, "औषध निम्मं झालं होतं तवापासनं."

"तेव्हा सांगितलं का नाही? आम्ही दरवेळी विचारत होतो."

"तुमी विचारत होता. मीच नाय म्हणत होते." त्यांनी साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायचा प्रयत्न केला, ते निसटलं. "शेजारच्या खाटेवरची बाई म्हणली, मुंग्या येतात सांगितलं की औषध कमी करतात. मला वाटलं, औषध कमी केलं की रोग राहील. म्हणून दात दाबून बसले. सांगितलं असतं तर हे झालं नसतं का?"

त्यांच्यामागे बसलेल्या बाळारामदादांनी मान वर केली. ही गोष्ट त्यांनाही त्या दिवशीच कळत होती.

सोपं उत्तर डॉक्टरांना देता आलं असतं. "कदाचित कमी झालं असतं," त्या म्हणाल्या. "काहीजणींच्या बाबतीत आम्ही औषधाचं प्रमाण बदलतो, काही वेळा औषधच बदलतो. पण तुम्ही घाबरून केलंत ते. जगायचं म्हणून केलंत. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका."

"आता हे जाणार का?"

"थोडं जाईल. किती आणि कधी, ते मी सांगू शकत नाही. पूर्ण जाईल असं खोटं सांगणार नाही. जळजळ कमी व्हायला गोळी देते. व्यायाम शिकवायला पाठवते, तोल सुधारेल."

"मंग जगायचं कसं ते सांगा," शालनताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मरायचं कसं ते मी शिकून आले होते. हे कुणी शिकवलंच नाय."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पुढचा बराच वेळ त्या बारीकसारीक गोष्टी सांगत बसल्या. पट्ट्याची चप्पल घाला, घरातसुद्धा. अनवाणी चालायचं नाही. पाणी गरम आहे का ते कोपराने बघा. पाऊल टाकताना डोळ्यांनी बघून टाका. आणि रोज कुणीतरी तळपाय तपासा, कारण काटा बोचला तरी तुम्हाला समजणार नाही.

"मी बघतो," बाळारामदादा म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते एकच वाक्य.

तेव्हापासून दुपारी ऊन अंगणात आलं की दादा चष्मा लावून पायरीवर बसायचे आणि शालनताईंचं पाऊल मांडीवर घ्यायचे. इतकी वर्षं त्यांनी बस सुटायच्या आधी वाकून टायर पाहिले होते, त्याच मन लावून. बोटांच्या बेचक्यांत, टाचेच्या भेगांत, नखांच्या कडांना. शालनताई वरून विचारायच्या, "हवा बरोबर हाय का?"

"हाय."

"अजून किती किलोमीटर जातील?"

"जातील."

एकदा मी तिथे होते. दादांनी टाचेतून एक बारीक खिळा काढला. चपलेच्या तळातून वर आलेला. रक्त सुकून काळं झालं होतं. सकाळपासून त्या त्यावर चालल्या असणार. दादांनी खिळा बाजूला ठेवला, पाणी आणलं, जखम धुतली, औषध लावलं. सगळं झाल्यावर त्यांनी ते पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि मान खाली घालून बसून राहिले. शालनताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"अवं, मला दुखलं नाय," त्या म्हणाल्या.

"तेच तर," दादा म्हणाले.

ओट्याचा खांब धरून एका पायावर उभं राहायचा व्यायाम त्यांनी चिकाटीने केला. पहिल्यांदा त्या खांबाला मिठी मारून उभ्या राहायच्या, मग एका हाताने धरून, मग बोट टेकवून. जळजळ गोळीने निम्मी झाली. त्या दुकानापर्यंत जाऊ लागल्या, मग बाजारापर्यंत. रस्त्यात कुणी हाक मारली तर आधी थांबायच्या, मग मान वर करायच्या. चालणं आणि बोलणं एकदम जमत नव्हतं. "माझे डोळे पायांच्या नोकरीला लागलेत," म्हणायच्या. "त्यांना सुटी दिल्याशिवाय तोंड बघता येत नाय कुणाचं."

मग एके दिवशी कविता आली. मधल्या काळात तिने दुसरीकडून गाडी शिकून घेतली होती, एवढंच नव्हे, साजगावच्या कारखान्यातल्या बायकांना ने-आण करायला सुरुवात केली होती. आली आणि अंगणातच उभी राहून म्हणाली, "ताई, मी शिकवायचं लायसन काढते. तुमच्या जागेवर मी बसते. तुमी मागं बसायचं आन् बोलायचं."

"मागं बसून काय कीर्तन करू?"

"तसंच समजा. पाय माझा, तोंड तुमचं."

शालनताईंनी तिला चार दिवस टांगून ठेवलं. त्यांना राग आला होता, हे मला नंतर कळलं. ती जागा दुसरीने घ्यावी हे त्यांना सोसवत नव्हतं. पाचव्या दिवशी त्यांनी कविताला बोलावलं, डाव्या सीटवर बसवलं, दादांना चालवायला लावलं आणि दोन तास त्या पोरीची अशी परीक्षा घेतली की ती घामाघूम झाली. उतरल्यावर म्हणाल्या, "तुझा पाय उतावळा हाय. पण खोटारडा नाय. चालंल."

पाटी परत लागली. आता गाडीत तिघी असतात. शिकणारी पुढे, तिच्या शेजारी कविता, आणि मागे मधोमध, दोन्ही सीटच्या फटीतून पुढे डोकावणाऱ्या शालनताई. "अगं, आरसा बघ!" हे आता दोघींना एकदम ऐकावं लागतं. मिळकत निम्मी झाली आणि धाक दुप्पट, असं कविता म्हणते.

हळूहळू त्यांच्याकडे दुसऱ्याही बायका येऊ लागल्या. गाडी शिकायला नव्हे. कुणाचं ऑपरेशन झालेलं, कुणाची केमो सुरू व्हायची असलेली. कुणीतरी कुणाला सांगितलेलं असतं, दहिवलीच्या शालनताईंना विचार. त्या त्यांना धीर वगैरे देत नाहीत. चहा देतात आणि म्हणतात, "मुंग्या आल्या की पयल्याच दिवशी डॉक्टरांना सांग. गप बसू नको. गप बसण्यात काय शौर्य नाय, मी बसून बघितलंय."

खालापूरची एक पापड लाटणारी बाई अशीच आली होती. तिची बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा ती सांगायला घाबरत होती. शालनताई तिच्याबरोबर रुग्णालयात गेल्या आणि डॉक्टरांसमोर तिला कोपराने ढोसलं, "बोल." डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण बदललं. उपचार पूर्ण झाले, आणि ती बाई आज पहिल्यासारखे कागदासारखे पातळ पापड लाटते. त्यातलं एक पुडकं ती शालनताईंना द्यायला आली त्या दिवशी मी तिथे होते. ती गेल्यावर शालनताईंनी एक पापड उजेडात धरून पाहिला, बराच वेळ.

"लई बरं वाटलं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडं वाईटपण वाटलं. दोन्ही खरं हाय, बाई."

दिवाळी झाली की आमच्याकडे उल्हास नदीचं पाणी निवळतं. यंदा एका सकाळी शालनताईंनी मला नदीवर यायला सांगितलं. दादा होतेच. दरवर्षी या दिवसांत ती दोघं तिथे जातात, हे मला ठाऊक नव्हतं. शालनताईंच्या पायात पट्ट्याच्या चपला होत्या, साडी वर खोचलेली. दादा लुंगी वर करून आधी पाण्यात उतरले, पायाने तळ चाचपून त्यांनी दगड बाजूला केले आणि हात पुढे केला. त्यांचा हात धरून शालनताई पाण्यात शिरल्या. मी काठावरून पाण्यात बोट घालून पाहिलं. अंगावर काटा आला एवढं ते गार होतं.

पाणी त्यांच्या पावलांवरून गेलं. "नाय," त्या म्हणाल्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. पाणी घोट्याला लागलं. "नाय." डोळे मिटलेले, चेहरा असा, की लांबून कुणी हाक मारतंय आणि ती ऐकू येते का ते त्या बघतायत. आणखी एक पाऊल. पाणी घोट्याच्या वर चढलं आणि त्यांच्या तोंडून एकदम "आई गं!" निघालं.

"आलं?" दादांनी विचारलं.

"आलं! हितं. हितं गार लागलं."

दादा कमरेत वाकले आणि पाण्याची रेघ जिथे होती तिथे त्यांनी पोटरीवर बोट टेकवलं. मग त्याच्या वर आपली बोटं आडवी ठेवून मोजू लागले. गेल्या वर्षी गार कुठे लागलं होतं ते त्यांच्या ध्यानात होतं.

"चार बोटं खाली आलं," ते म्हणाले.

शालनताईंनी डोळे उघडून खाली पाहिलं. "चार कुठली? तीन. तुमी बोटं फाकवून मोजता."

"चार."

"मागच्या साली पण एक बोट जास्त धरलं होतं तुमी. मला काय कळत नाय का?"

"चारच हायेत."

"तीन!"

लग्नाच्या पहिल्या वर्षात एका टपालकार्डाएवढं बोललेला तो माणूस ऐकेना. काठावर म्हशी पाण्याला आल्या, ऊन वर आलं, मला शाळेला उशीर होऊ लागला. मी हात हलवला, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मी गाडी सुरू केली तेव्हाही ती दोघं एकमेकांचा हात घट्ट धरून, पोटरीएवढ्या गार पाण्यात उभी राहून एका बोटासाठी भांडत होती.